शिळं पाणी

"पंखा बंद कर गं, वाहून चाललोय मी!" आतून दिगंबर ओरडला.

पंखा तर बंदच होता. कुमुद तडक काचेच्या टाकीकडे धावली. नवऱ्याचा तुटलेला उजवा हात पुन्हा उगवावा म्हणून डॉक्टरांनी ज्या न्यूटच्या पेशी त्याच्या अंगात सोडल्या होत्या, तो पाय तुटला तरी नवा फुटणारा, पालीएवढा पाण्यातला जीव जोरदार धारेत दगडाला चिकटून थरथरत होता.

"आई, फिल्टर कुणी वाढवला?"

"मीच," सासूबाई म्हणाल्या. "कालचं शिळं पाणी. म्हटलं, जरा वाहू दे."

धार अगदी बारीक करून कुमुद आत गेली. दिगंबरने दोन्ही हातांनी पलंगाचा दांडा घट्ट धरला होता. नव्या हाताला न्यूटसारखी चारच बोटं आली होती, त्याची तिला सवय झाली होती.

आता डाव्या हातालाही चारच होती.