जाळीचा झोपाळा

रिसॉर्टवर जेवणाची घंटा झाली, तरी निवृत्त पीटी सर माडांना बांधलेल्या जाळीच्या झोपाळ्यातून उठेनात. तीस वर्षं पोरांना दोरीचा मल्लखांब शिकवलेला माणूस, पण पाय खाली टाकावा तर झोपाळा उलटा होऊ बघायचा आणि उठून बसावं तर पाय आभाळात जायचे.

“अहो, घंटा झाली,” शेजारच्या झोपाळ्यातून बायको म्हणाली.

“तू हो पुढे. मी समुद्र बघत पडतो जरा.”

“मीही पडते मग.”

तळलेल्या सुरमईचा वास आला, दुसरी घंटाही झाली. शेवटी सरांनी हत्यारं टाकली. “खरं सांगू? मला उतरता येत नाहीये. जरा हात दे.”

शेजारचा झोपाळा नुसताच करकरला.

“आणि मला कोण देणार? मी तासभर तुमच्याच उठण्याची वाट बघतेय.”