ह्यांचं पथ्य

१९८८ साली आमच्या हंसाचा साखरपुडा उरकून आम्ही बोईसरच्या हॉटेलात जेवायला बसलो. डॉक्टरांनी ह्यांना मधुमेहाची गोळी देऊन भात कमी करायला सांगितला होता. मी तो बंदच केला.

"कोली ना तुमी? भाताला नाय बोलता?" व्याही हसले. हे नुसती सुरमई खात राहिले.

मग ह्यांना घाम फुटला. थरथरत्या हाताने त्यांनी हंसाचं सरबत ओढलं. "घोटभर पिऊ दे गो."

"आज तरी जीभ आवरा," म्हणत मी ग्लास काढून घेतला.

दवाखान्यात पोचेपर्यंत हे गेले. "साखर उतरली होती. सरबत प्यायले असते तर वाचले असते," डॉक्टर मला म्हणाले.

व्याही केव्हाच वारले. हंसा आजी झाली. बाबा चोरून गोड खायचे म्हणून गेले, असं ती नातवाला सांगते.



तिला ते मीच सांगितलं होतं.