राजाचे हात

संपादकबाईंनी शेवटचं पान तिसऱ्यांदा परत पाठवलं. एका जुन्या शोकनाटकाचं कॉमिक्स होत होतं आणि शेवटच्या चौकटीत म्हातारा राजा मेलेल्या मुलाला मांडीवर घेऊन बसला होता. चित्रं काढणारीने हातचं काही राखलं नव्हतं. मागे काळंकुट्ट आभाळ, राजाच्या गालांवर ओघळ, आणि अर्धी चौकट अडवणाऱ्या संवादाच्या फुग्यात त्याचा अकरा ओळींचा विलाप. बाईंचं म्हणणं एवढंच, की रंगमंचावर नटाचा आवाज असतो म्हणून ते निभावतं. कागदावरचा राजा नुसता ओरडतोय. पान उद्या छपाईला जायचं होतं.

शेवटी तिने आपल्या बाबांनाच समोर खुर्चीवर बसवलं.

बाबा आधी लाजले, मग रंगात आले. भुवया चढवल्या, तोंड वासलं, छाती बडवून घेतली. असला राजा पाहून प्रजेलाही हसू आवरलं नसतं. ती हसली. दादा गेल्यापासून चार महिन्यांत या घरात कुणी हसलं नव्हतं, आणि बाबांनी डोळ्यांतून टिपूसही काढलं नव्हतं. कारखान्यातल्या स्फोटानंतर दादाची शवपेटी आली ती बंदच, उघडू नका असं बजावून. बाबांनी सांगितलं तिथे सही केली, आलेल्यांना बसायला खुर्च्या दिल्या आणि आठव्या दिवशी कामावर गेले.

"चेहरा राहू द्या, बाबा. नुसते हात हवेत," ती म्हणाली. चादरीत गुंडाळलेली गादीची वळकटी तिने त्यांच्या मांडीवर आडवी ठेवली. डोकं म्हणून एका टोकाला उशी बांधली होती. ती खाली लोंबत होती. चित्रातल्या राजपुत्राचं डोकंही तसंच लोंबत होतं.

बाबांनी खाली पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मान अशी लोंबू देतं का कुणी?"

त्यांनी उशीखाली तळहात सरकवला, कोपर आत घेतलं, वळकटी पोटाशी ओढली. दुसऱ्या हाताने चादरीची चुणी सारखी केली. मग तसेच बसून राहिले.

ती भराभर काढत गेली. आभाळ गेलं, अश्रू गेले, फुगा गेला. दोन हात उरले, भोवती कोरा कागद. दहा मिनिटांत चित्र पुरं झालं. इतकं खरं चित्र तिच्या हातून कधी उतरलं नव्हतं, आणि तिला ते पाहवेना.

बाबा वळकटीला हळूहळू थोपटत होते.

"झालं का गं?" त्यांनी वर न पाहता विचारलं.

"नाही, बाबा. अजून वेळ लागेल," ती म्हणाली, आणि कागद उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिल फिरवत राहिली, त्यांना आवाज ऐकू जाईल अशी.