पाणी बारीक येतंय

नळदुरुस्तीची पिशवी घेऊन रझाक जिना चढला तेव्हा दार नुसतंच लोटलेलं होतं. आत द्वारकाबाई पांघरूण घेऊन पडल्या होत्या. अंग चांगलंच तापलं होतं.

"रझाक? तू कसा रे? मी तर आज तक्रारच केली नाही."

"म्हणूनच पाठवलं मला."

नगरपालिकेच्या पाइपांना आता स्वतःचं दुखणं कळायचं. गळती लागायच्या आधीच ते सांगायचे आणि दुरुस्ती होऊन जायची. गावात तक्रारीला कारणच उरलं नव्हतं. द्वारकाबाई मात्र रोज सकाळचा चहा झाला की पाणीखात्याला फोन लावायच्या. "पाणी बारीक येतंय हो," म्हणायच्या. पलीकडून यंत्र म्हणायचं, "बघतो आजी. गुडघा कसा आहे?" मग गुडघ्याचं, सुनेचं, महागलेल्या मेथीचं बोलणं निघायचं. त्यांच्या नळाला भरपूर जोर आहे, हे यंत्राला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरी खोटी म्हणून त्याने ती तक्रार कधी काढून टाकली नाही. आज चहाची वेळ टळली आणि फोन आला नाही, तेव्हा त्याने गावात एकच बिघाड दाखवला: द्वारकाबाईंचं घर.

रझाकने डॉक्टरांना बोलावलं. ते येईपर्यंत कपाळावर ठेवायला फडकं भिजवावं म्हणून मोरीतला नळ सोडला. पाणी असं धो धो आलं की त्याची बाही भिजली.

खोलीतून क्षीण आवाज आला, "बारीकच आहे ना रे?"

"फारच बारीक आहे, आजी," रझाक म्हणाला. "उद्या फोन करून नक्की सांगा."