बेचाळिसावं घर

बोथजवळच्या त्या गावाची सभा आता फोनवरच भरायची. एकेचाळीस घरं, प्रत्येक घराचा एक एआय प्रतिनिधी. घरच्यांनी शिकवलं तसं तो बोलायचा, मत द्यायचा. नियम मात्र जुनाच: दोन घरांचा विरोध असला, की काम थांबवायचं.

देवकाबाईनं आपल्या प्रतिनिधीला एकच गोष्ट शिकवली होती. "जो एकटा पडन, त्याच्या बाजूनं राह्यजो बापा."

आज ठराव होता शाळेसमोरचा कडुलिंब तोडायचा. कापूस वेचून येताना देवकाबाई रोज त्याच्याच बुडाशी टेकायची. आज गुडघ्यानं तिला घरातच बसवलं होतं.

"माय, चाळीस घरं तोडा म्हणून राह्यले," लेक दीपमाला म्हणाली. "आपलं एकटंच नाही म्हणते. वाचत नाही आता तो."

मग निकाल आला.

तोडावा: चाळीस.
तोडू नये: दोन.

ठराव थांबला. लगेच सरपंच नागोरावांचा फोन. "काकू, हे बेचाळीस नंबरचं घर कोनाचं वो? पत्ता 'शाळेसमोर' लिहून आहे. तिथं तर घरच नाही."

"असन कोनाचं," देवकाबाई हसली. "उगा काऊन तरास देता त्याले?"

दीपमालानं फोनवरच्या यादीत त्या घरावर बोट दाबलं. प्रतिनिधी कोणी बसवला, ती जागा कोरी होती. तेवढ्यात खाली एक ओळ उमटली.

"बाई, आज काऊन नाही आल्या बसाले?"