माकडहाडावरची खळी

बाळाला पालथं केलं आणि चांगुणाचा हात थबकला. माकडहाडावर, ढुंगणाच्या चिरेला लागूनच, मसुराएवढी खळी होती.

"पाठीला भोक हाय बाई," म्हातारी रडवेली होऊन म्हणाली. "नवसाचा पोरगा हाय. कायबी करा, पन वाचवा."

ती दगडाबाई होती. तिनं चांगुणाला ओळखलं नव्हतं. पांढरं पातळ, चष्मा, सोनईकडच्या सरकारी दवाखान्यातली नोकरी. आठ वर्षांत चांगुणा पार बदलली होती.

आठ वर्षांपूर्वी याच दगडाबाईनं तिला, आपल्या सुनेला, बाराव्या दिवशी तान्ह्या पोरीसकट घराबाहेर काढलं होतं. पोरीला अशीच खळी होती. "खोड असलेली पोर घरात नको," एवढंच ती म्हणाली होती. नवऱ्यानं, मच्छिंद्रनं, मान वर केली नव्हती. पुढं त्यानं दुसरी बायको आणली. आता बहात्तरच्या दुष्काळात तो खडी फोडायला गेलेला, म्हणून ती दुसरी बायको, राहीबाई, बाळाला दाखवायला सासूबरोबर आपल्या भावाला, कारभारीला, घेऊन आली होती.

या म्हातारीला एकदा रडवायचं, हे चांगुणानं आठ वर्षं मनात धरलं होतं. आता एक खोटं वाक्य पुरलं असतं. पोर कधी चालणार नाही, एवढं म्हटलं की झालं.

तिनं बॅटरी पेटवली.

"इकडं या. खळीचा तळ दिसतोय?"

"दिसतोय."

"कातडी फाटलीय?"

"न्हाई."

"केसांचा झुबका? गाठ? पाणी येतंय?"

"न्हाई बाई."

"पाय बघा कसे झाडतोय. याला काही झालेलं नाही. अशी खळी कितीतरी पोरांना असते. अंघोळीला जागा साफ करा, कोरडी ठेवा. सूज दिसली, पाणी आलं, पाय लुळे वाटले, तर लगेच आणा."

दगडाबाईनं हात जोडले. "देवच भेटला."

"माझ्या पोरीलाबी एवढीच हुती, आत्याबाई."

म्हातारीचे हात जोडलेलेच राहिले. तिनं आता कुठं नर्सच्या तोंडाकडं नीट पाहिलं.

"तिसरीत हाय," चांगुणा म्हणाली. "लई पळती."

राहीबाई बाकावरून उठली. पहिली बायको कुणाचा तरी हात धरून पळाली, असं तिला सांगितलं होतं. तिनं बाळ उचलून छातीशी धरलं.

"आत्याबाई, ह्याच्या जागी पोरगी असती तर?" तिनं सासूला विचारलं.

दगडाबाईनं बाळाला घ्यायला हात पुढं केले. राहीबाई मागं सरली. मग भावाकडं वळली. "दादा, गाडी जुंप. माहेरी जाऊ."

गाडी वळली, तशी म्हातारी पायरीवरून धडपडत मागं फिरली.

"चांगुणा, तू तरी सांग की तिला!"

"मला खरं तेवढंच सांगता येतं, आत्याबाई," चांगुणा बॅटरी विझवत म्हणाली. "ते सांगून झालंय."