बारा जॅकेटं

"काका, एकूण किती मागवली होती?" बँकेतल्या मुलीने विचारलं.

"बारा," नावाडी म्हणाला. "लाइफ जॅकेटं. परदेशातून, कार्डावर. फोटोत अगदी झकास दिसत होती."

"आणि आता तुमच्याकडे?"

"अकरा."

शेजारच्या खुर्चीत त्याची बायको बसली होती. बारावं पोलिसांनी धाकटीच्या अंगावरून कापून काढलं होतं आणि प्रयोगशाळेत पाठवलं होतं. धाकटी बापाच्या होडीवर तिकिटं फाडायची. होडी कलंडली तेव्हा बाकीचे होडीलाच घट्ट धरून राहिले. ही मात्र जॅकेटच्या भरवशावर हात सोडून, वाहत चाललेल्या एका म्हातारीच्या मागे गेली.

बायको आज हट्टाने सोबत आली होती. महिनाभर ती एकच विचारत होती, "अहो, तुम्ही ती तपासली होती ना?" आणि तो म्हणायचा, "अगं, एकूण एक. या हातांनी." तेवढं ऐकलं की ती निदान दोन घास खायची, म्हणून तो म्हणत राहिला. कार्डावरचे पैसे परत मागायचा अर्ज त्याने केला होता, पण त्याला हवा होता तो बँकेचा कागद. माल खोटा, दोष विकणाऱ्याचा, एवढं शिक्का मारून कुणीतरी लिहून द्यावं आणि तो कागद तिच्या हातात ठेवावा, मग सुटलो. पैसे गेले खड्ड्यात.

मुलीने प्रयोगशाळेचा अहवाल उघडला. मोठ्याने वाचायची काही गरज नव्हती, पण पोरगी बिचारी कामाला चोख.

"आत फोमऐवजी साधा स्पंज भरलाय. पहिली पाच-दहा मिनिटं तरंगतं, मग पाणी पिऊन जड होतं." ती जरा घुटमळली. "पिंपात तासभर टाकून ठेवलं असतं तरी कळलं असतं, असंही लिहिलंय."

बायकोने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. तो टेबलाकडे बघत बसला.

"तुमची बाजू भक्कम आहे, काका. त्या कंपनीने साधं उत्तरही दिलेलं नाही. हा एवढा एकच रकाना राहिलाय." मुलगी स्क्रीनकडे वाकली. "वापरण्यापूर्वी वस्तूची तपासणी केली होती का?"

'हो' म्हणायची आता जिभेला सवयच झाली होती. पार्सल आलं त्या सकाळी धक्क्यावर ही गर्दी! त्याने दातांनी पिशव्या फाडल्या आणि भराभर जॅकेटं वाटून टाकली. पहिलं धाकटीला घातलं. पट्टे त्यानेच आवळले होते.

"नाही," तो म्हणाला.

"अहो, एकूण एक म्हणाला होतात," बायको म्हणाली.

"नाही गं तपासली. एकही नाही."

मुलीने रकाना भरला. काकांचा चेहरा पाहून तिला वाईट वाटलं असावं. ती समजुतीच्या स्वरात म्हणाली, "घाबरू नका काका. त्याने काही फरक पडत नाही. पैसे पूर्ण मिळतील."